पंधरा वर्षे कोड लिहिणाऱ्याची पुन्हा परीक्षा कशासाठी?

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपल्या मनुष्यबळापैकी सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी त्या आर्थिक वर्षात कमी करणार असल्याचे जाहीर केले आणि त्यात मधल्या व वरिष्ठ श्रेणीतील लोक प्रामुख्याने असतील हेही सांगितले, तेव्हा पुण्यातल्या हिंजवडी, खराडी आणि मगरपट्ट्याच्या आसपासच्या अनेक घरांत एक जुना समज डळमळला. अनुभव वाढला की नोकरी पक्की होत जाते, हा तो समज. बारा-पंधरा वर्षांनी पुन्हा बायोडेटा काढून बसलेल्या लोकांना त्यानंतरचा धक्का मुलाखतींनी दिला. चार-पाच फेऱ्या, त्यांतल्या एकीत कॉलेजात शिकलेली कोडी, दुसरीत कधीच न बांधलेल्या यंत्रणेचा आराखडा, तिसरीत ‘सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा काय केलेत’ असले प्रश्न, आणि शेवटी कित्येकदा कसलेच उत्तर नाही. घरच्यांना तर हा प्रकार अगम्यच वाटतो.

प्रत्यक्षात या मुलाखतीतली प्रत्येक फेरी वेगळी गोष्ट मोजते. ती कोणती, हे उमेदवाराला क्वचितच सांगितले जाते, आणि उमेदवारांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या न सांगण्यात आहे.

सनद नसलेला व्यवसाय

सर्जनने रुग्णालय बदलले तर त्याला शरीरशास्त्राचा पेपर पुन्हा द्यावा लागत नाही, कारण वैद्यकीय परिषदेची नोंदणी त्याच्याकडे असते. सनदी लेखापालाच्या ज्ञानाची हमी त्याच्या संस्थेची परीक्षा देते. वकिलाला बार कौन्सिलची सनद असते. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात अशी कोणतीही परिषद नाही. पदवी असली तरी ती पंधरा वर्षांपूर्वीची असते, खासगी कंपन्यांची प्रमाणपत्रे पाठांतरावरही मिळतात, आणि आधीच्या कंपनीच्या अनुभवपत्रात नाव, हुद्दा आणि तारखा यांपलीकडे सहसा काही नसते. म्हणून प्रत्येक कंपनी स्वतःची परीक्षा घेते आणि उमेदवाराला तीच परीक्षा दहा दारांत दहा वेळा द्यावी लागते.

त्यात पदनामांचा गोंधळ आहे. दुसऱ्या कंपन्यांची कामे कंत्राटाने करणाऱ्या सर्व्हिस कंपन्यांत तीन-चार वर्षांतच नावापुढे ‘सीनियर’ लागते. स्वतःचे उत्पादन विकणाऱ्या प्रॉडक्ट कंपन्यांत हाच शब्द अशा माणसासाठी राखून ठेवलेला असतो, जो एखादे काम ‘काय करायचे’ इथपासून ठरवतो आणि इतरांकडून करवूनही घेतो. गूगलमध्ये ही पातळी एल-५, मेटामध्ये ई-५ आणि ॲमेझॉनमध्ये एसडीई-३ म्हणून ओळखली जाते. तिसरा प्रकार जीसीसींचा, म्हणजे परदेशी बँका, विमा कंपन्या, किरकोळ विक्रीच्या साखळ्या यांनी भारतात उघडलेल्या स्वतःच्या तंत्रज्ञान कार्यालयांचा. आयटी उद्योगाची संघटना नॅसकॉम आणि सल्लागार कंपनी झिनोव्ह यांच्या २०२४ च्या अहवालानुसार देशात अशी १,७०० हून अधिक केंद्रे असून त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करतात. या केंद्रांच्या अपेक्षा कुठे सर्व्हिस कंपनीसारख्या, तर कुठे प्रॉडक्ट कंपनीसारख्या असतात, आणि जाहिरातीवरून ते कळत नाही. चौदा वर्षांचा ‘आर्किटेक्ट’ एखाद्या प्रॉडक्ट कंपनीच्या मुलाखतीतून एक पायरी खालचे पद घेऊन बाहेर पडतो, तेव्हा त्याला अपमान वाटतो, पण त्या कंपनीने त्याचे आधीचे पदनाम मुळात मोजमापात धरलेलेच नसते.

बोलावणे येण्याआधीच होणारी गाळणी

पुष्कळ अर्ज कोणा तंत्रज्ञाच्या नजरेस पडण्याआधीच बाजूला पडतात. भरती करणारी व्यक्ती नोकरी डॉट कॉम किंवा लिंक्डइनवर ‘जावा, स्प्रिंग बूट, एडब्ल्यूएस, १० ते १४ वर्षे’ असे निकष घालते आणि वर आलेल्या यादीतून फोन करते. कामाचे वर्णन कितीही सरस असले तरी त्यात तो शब्दच नसेल, तर उमेदवार यादीत दिसत नाही. ओळखीतून म्हणजे रेफरलने गेलेला अर्ज निदान उघडला तरी जातो.

भारतात दुसरा मोठा अडथळा नोटीस पिरियडचा, म्हणजे राजीनामा दिल्यानंतर जुन्या कंपनीत काढाव्या लागणाऱ्या मुदतीचा. ही मुदत अनेक मोठ्या आयटी कंपन्यांत ९० दिवसांची आहे. नव्या कंपनीला माणूस पुढच्या महिन्यात हवा असतो, म्हणून ‘इमिजिएट जॉइनर’ असा निकष लावून बाकीचे वगळले जातात. शिवाय तीन महिने हातात असल्यामुळे एक ऑफर मिळालेला उमेदवार त्या ऑफरच्या बळावर आणखी दोन मिळवतो आणि रुजू व्हायच्या दिवशी येतच नाही. हे इतके घडते की कंपन्या एका जागेसाठी दोघांशी बोलणी चालू ठेवतात. मग उमेदवारालाही कोणावर विश्वास ठेवता येत नाही. दोन्ही बाजूंचा हा संशय पुढच्या प्रत्येक फेरीत पाझरतो.

कोड्यांची फेरी: आठ काढता येतो का?

सर्वाधिक चीड आणणारी फेरी डीएसएची. डीएसए म्हणजे डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम, अर्थात माहिती कशी मांडून ठेवायची आणि तिच्यावर कमीत कमी पायऱ्यांत काम कसे करायचे याचे शास्त्र. पाऊण तासात एक किंवा दोन कोडी सोडवायची असतात, आणि समोर बसलेली व्यक्ती पडद्यावर उमटणारे प्रत्येक अक्षर पाहत असते. वरिष्ठ माणसाच्या रोजच्या कामात अशी कोडी क्वचित येतात. तो दिवसाचा बराचसा वेळ इतरांचा कोड वाचण्यात, बैठकांत, आणि रात्री बंद पडलेली यंत्रणा का बंद पडली हे शोधण्यात घालवतो.

आरटीओच्या मैदानावर दुचाकीने ‘आठ’ काढायला लावतात, तसे हे आहे. वीस वर्षे ताम्हिणी घाटातून गाडी नेणारा माणूस त्या रंगवलेल्या रेषांवर पाय टेकू शकतो आणि आदल्या आठवड्यात सराव केलेला नवशिका सफाईने पार होतो. तरीही परीक्षा आठाचीच घेतली जाते, कारण ती सर्वांसाठी सारखी असते, दहा मिनिटांत उरकते आणि निकालावर वाद होत नाही. हजारो अर्ज येणाऱ्या कंपनीला हे तिन्ही गुण मोलाचे वाटतात. परिणामी लीटकोडसारख्या संकेतस्थळांवर अशा प्रश्नांचा सराव हा एक स्वतंत्र उद्योग होऊन बसला आहे आणि चाळिशीतली माणसे मुलांना झोपवून रात्री अकराला ‘ट्री’ आणि ‘ग्राफ’ या माहिती मांडण्याच्या रचनांची उजळणी करतात.

या पद्धतीची सर्वांत गाजलेली फजिती २०१५ सालची. मॅक संगणकांवर सॉफ्टवेअर बसवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या होमब्रू या साधनाचे निर्माते मॅक्स हॉवेल यांना गूगलने नाकारले. गूगलचे बहुतांश अभियंते आपण लिहिलेले साधन वापरतात, पण फळ्यावर बायनरी ट्री उलटा करून दाखवता आला नाही म्हणून आपल्याला नकार मिळाला, अशा आशयाचे त्यांचे ट्विट तेव्हापासून या वादात हटकून निघते.

याहून गंभीर आक्षेप प्रयोगातून पुढे आला. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये ४८ विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. काहींनी मुलाखतकारासमोर मोठ्याने बोलत फळ्यावर प्रश्न सोडवला, तर काहींनी तोच प्रश्न खोलीत एकट्याने. समोर कोणी पाहत असताना कामगिरी निम्म्याहून अधिक घसरली. मुलाखतकारासमोर प्रश्न सोडवणारी एकही विद्यार्थिनी उत्तीर्ण झाली नाही आणि एकांतात सोडवणाऱ्या सर्व विद्यार्थिनी उत्तीर्ण झाल्या. मात्र नमुना लहान असल्यामुळे या शेवटच्या निरीक्षणावर मोठा निष्कर्ष उभा करता येत नाही. एवढे तरी म्हणता येते की या फेरीत कौशल्यासोबत, कोणी पाहत असताना मन शांत ठेवण्याची क्षमताही मोजली जाते, आणि ती निकालपत्रावर वेगळी दाखवली जात नाही.

कंपन्यांना हे ठाऊक नाही असे नव्हे. चुकीचा माणूस घेतला तर त्याला कामावरून काढणे खर्चीक आणि कटकटीचे, शिवाय तोवर झालेले नुकसान वेगळे. चांगला माणूस हातचा गेला तर तो गेल्याचे कोणाला कळतही नाही. त्यामुळे दहा चांगल्यांना नाकारले गेले तरी चालेल, पण एक वाईट आत येऊ नये, असा हिशेब ठरवून केलेला असतो. माझ्या मते वरिष्ठ जागांसाठी हा हिशेब चुकतो, कारण अर्जदार मुळातच कमी असतात. मात्र नाकारला गेलेला प्रत्येक जण ‘माझ्यात काहीतरी कमी आहे’ असे समजतो, तेव्हा त्याने हा हिशेब जरूर आठवावा.

सिस्टिम डिझाइन: खरी परीक्षा इथे

वरिष्ठ उमेदवाराचा निकाल बहुधा याच फेरीत लागतो. एखादी मोठी यंत्रणा कशी उभी कराल, असा मोघम प्रश्न विचारतात आणि पुढचा पाऊण ते एक तास उमेदवाराने चर्चा पुढे न्यायची असते. प्रश्न मोघम ठेवण्यामागे हेतू असतो, पण तोही सांगत नाहीत.

समजा, प्रश्न असा आहे: सिनेमाच्या तिकीटविक्रीची यंत्रणा आखा. तीन-चार वर्षे अनुभवाचा उमेदवार लगेच चौकोन काढतो: हे ॲप, हा सर्व्हर, हा डेटाबेस. वरिष्ठ उमेदवाराकडून आधी प्रश्न अपेक्षित असतात. साधा मंगळवार धरायचा की बहुप्रतीक्षित चित्रपटाचे आगाऊ बुकिंग उघडण्याचा क्षण? एका शहरापुरते की देशभर? मुलाखतकार म्हणतो, बुकिंग उघडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत दहा लाख लोक येतील. मग तोंडी हिशेब करायचा. प्रत्येकाने आसनांचा नकाशा पाच वेळा उघडला तर पन्नास लाख विनंत्या; सहाशे सेकंदांत भागल्या तर सेकंदाला सुमारे ८,३०० वेळा नकाशा दाखवावा लागेल. त्याच दहा मिनिटांत एक लाख तिकिटे विकली गेली असे धरले तर सेकंदाला जेमतेम १७० विक्री. म्हणजे पाहणे हे विकण्याच्या पन्नास पट आहे.

या एका आकड्यातून आराखडा निघतो. नकाशा दोन-तीन सेकंद जुना दिसला तरी बिघडत नाही, म्हणून तो आधीच तयार करून ठेवलेल्या प्रतीतून म्हणजे कॅशमधून दाखवावा. आसन विकण्याच्या क्षणी मात्र जुनी माहिती मुळीच चालणार नाही, म्हणून तो निर्णय एकाच ठिकाणी आणि ताज्या नोंदीवर व्हायला हवा. दोघांनी एकच आसन एकाच वेळी निवडले तर पहिल्यासाठी ते आठ मिनिटे राखून ठेवायचे. ग्राहकाने यूपीआयने पैसे भरले पण उत्तर वाटेत हरवले आणि त्याने पुन्हा बटण दाबले, तर? पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून प्रत्येक प्रयत्नाला एक क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर नवा व्यवहार न करता जुनेच उत्तर परत द्यायचे.

इथवर अनेक जण पोहोचतात. मग मुलाखतकार विचारतो: आसन आठव्या मिनिटाला मोकळे झाले, ते दुसऱ्याने घेतले, आणि पहिल्याचे पैसे मिळाल्याचा बँकेचा निरोप नवव्या मिनिटाला आला, तर काय? याला तांत्रिक उत्तर नाही. पैसे परत करायचे, दुसरे आसन द्यायचे की राखून ठेवण्याची मुदतच वाढवायची, हा धंद्याचा निर्णय आहे आणि प्रत्येक पर्यायात कोणाचे तरी नुकसान आहे. जो उमेदवार इथे थांबून ‘हे मी एकटा ठरवणार नाही, यासाठी किती ग्राहक दर शुक्रवारी असे अडकतात, हा आकडा घेऊन मी व्यवसाय सांभाळणाऱ्यांकडे जाईन’ असे म्हणतो, त्याच्या नावापुढे मुलाखतकार खूण करतो. वरिष्ठ या पदाचा पगार अशा निर्णयांसाठी असतो.

अनुभवी माणसे इथे अडखळतात ती बहुधा एका ठरावीक पद्धतीने. पहिल्याच मिनिटाला काफ्का, रेडिस, कुबरनेटीस अशी तयार साधनांची नावे फळ्यावर येतात. ‘काफ्का कशासाठी?’ असे विचारले की उत्तर येते, ‘आमच्या प्रोजेक्टमध्ये होते.’ ते का होते, ते नसते तर काय अडले असते, त्याचा त्रास काय झाला, हे सांगता येत नाही. मी अशा मुलाखती घेतो तेव्हा या उत्तरावर गुण कापतो, पण त्यामागचे कारणही मला दिसत असते. सर्व्हिस कंपन्यांच्या अनेक प्रकल्पांत आराखडा अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या ग्राहकाकडून ठरून येतो आणि पुण्यातल्या टीमकडे तो उत्तम रीतीने उभा करण्याचे काम असते. दहा वर्षे निष्ठेने काम करणाऱ्याला निर्णय घेण्याची संधीच मिळालेली नसते. ही उणीव बुद्धीची नसते, आणि दोन आठवड्यांच्या व्हिडिओंनी ती भरूनही निघत नाही. आपल्या चालू प्रकल्पातले प्रत्येक मोठे निर्णय कोणी, कधी आणि का घेतले हे जुन्या सहकाऱ्यांना विचारून लिहून काढणे, हा तयारीचा मला दिसलेला सर्वांत उपयोगी मार्ग आहे.

स्वभावाच्या प्रश्नांना काय उत्तर द्यायचे?

‘सहकाऱ्याशी मतभेद झाला तेव्हा काय केलेत’ असल्या प्रश्नांच्या फेरीला ॲमेझॉनने चौकट दिली. कंपनीची १६ नेतृत्वतत्त्वे आहेत, बहुतेक प्रश्न त्यांना धरून विचारले जातात, आणि दुसऱ्या टीममधला ‘बार रेझर’ नावाचा मुलाखतकार निवड रोखू शकतो. इतर अनेक कंपन्यांनी हीच तऱ्हा उचलली आहे. उमेदवाराने प्रसंग, त्यातली जबाबदारी, केलेली कृती आणि परिणाम या क्रमाने सांगावे अशी अपेक्षा असते.

आपल्याकडच्या लोकांची अडचण अशी की स्वतःचे मोठेपण सांगणे संस्कारात बसत नाही. टीमने ठरवले, टीमने केले, मॅनेजरनी पाठिंबा दिला, असे उत्तर ऐकणाऱ्याला विनम्र वाटत नाही. त्यात उमेदवाराचा वाटा कोणता हेच त्याला कळत नाही, आणि कळले नाही म्हणून तो शून्य लिहितो. दुसरीकडे, अपयश विचारल्यावर ‘मी फारच बारकाईने काम करतो’ असा दुर्गुण सांगणाऱ्याला कोणीही खरे मानत नाही.

प्रत्यक्ष कामच का पाहत नाहीत?

हा आक्षेप रास्त आहे आणि संशोधनाचाही त्याला काही अंशी आधार आहे. १९९८ साली श्मिट आणि हंटर या संशोधकांनी निवडपद्धतींच्या अभ्यासांचा जो एकत्रित आढावा घेतला, त्यात प्रत्यक्ष कामाचा नमुना तपासण्याची पद्धत सर्वांत वर होती. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते गणित दुरुस्त केले, तेव्हा पहिल्या स्थानी आली रचनाबद्ध मुलाखत, म्हणजे सर्वांना तेच प्रश्न आणि आधीच ठरवलेले गुणांकन. तिचाही कामगिरीशी संबंध ०.४२ एवढाच होता. १ म्हणजे अचूक भाकीत. सर्वोत्तम पद्धतीलाही माणूस अर्धवटच कळतो, हे दोन्ही बाजूंनी मान्य केलेले बरे.

व्यवहारात अडचणी आणखी आहेत. घरी करायला दिलेला प्रकल्प ‘चार तासांचा’ म्हणून येतो आणि शनिवार-रविवार खातो. लहान मुले किंवा आजारी आईवडील सांभाळणाऱ्याला तो जड जातो, आणि एका वेळी पाच कंपन्यांचे प्रकल्प तर कोणालाच जमणार नाहीत. आधीच्या नोकरीतला कोड दाखवता येत नाही, कारण तो त्या कंपनीच्या मालकीचा असतो. मुक्तस्रोत, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांसाठी खुला असतो अशा प्रकल्पांत काम केलेले असेल तर ते दाखवता येते, पण कार्यालयातून रात्री नऊला सुटणाऱ्या किती जणांना ते शक्य होते?

फेऱ्यांची संख्या मात्र निश्चित कमी करता येते. गूगलने आपल्याच भरतीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चार मुलाखतींत ८६ टक्के खात्रीने निर्णय होतो आणि त्यापुढच्या प्रत्येक मुलाखतीची भर नाममात्र असते, असे आढळले. ज्या कंपन्या सात-आठ फेऱ्या घेतात, त्यांच्याकडे निर्णयाची जबाबदारी घेणारा कोणी नसतो, असा माझा तरी समज झाला आहे. अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्यांना ही लांबण सर्वांत महागात पडते, कारण नोकरी गेल्यावर नवा मालक शोधायला त्यांना जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात आणि त्यात एकाच कंपनीने दीड महिना घेतला तर उरते काय?

एआय आल्यावर ही कोडी कालबाह्य नाहीत का?

कोड्यांचे उत्तर आता एआय साधन काही सेकंदांत देते, आणि मुलाखतकाराला न दिसता पडद्यावर उत्तर दाखवणारी साधनेही विकली जातात. भारतात याआधीपासून प्रॉक्सीचा प्रकार आहेच: मुलाखत देतो एक आणि रुजू होतो दुसरा. त्यामुळे अलीकडे उमेदवाराला खोली फिरवून दाखवायला, पूर्ण पडदा उघडा ठेवायला सांगतात. पंधरा वर्षे प्रामाणिकपणे काम केलेल्या माणसाला हे झोंबते, आणि झोंबणारच.

कंपन्यांनी दोन उलट वाटा धरल्या आहेत. गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी २०२५ मध्ये निदान एक फेरी समोरासमोर घेण्याकडे परतत असल्याचे सांगितले. पुण्यातही शनिवारी कार्यालयात बोलावून एका दिवसात सर्व फेऱ्या उरकण्याची जुनी पद्धत पुन्हा दिसते. उलट डिझाइनचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कॅनव्हाने त्याच वर्षी जाहीर केले की उमेदवारांनी मुलाखतीत एआय साधने वापरावीत अशीच आमची अपेक्षा आहे. या दुसऱ्या पद्धतीत साधनाने लिहिलेल्या कोडमधली खोड ओळखणे आणि ते उत्तर का नाकारले हे सांगणे याला गुण असतात. वरिष्ठ माणसाला ही परीक्षा त्याच्या खऱ्या कामाच्या बरीच जवळची वाटेल, असे मला वाटते.

नकार तरी नीट का कळवत नाहीत?

कारणे बहुतेक वेळा उमेदवाराच्या बाहेर असतात. मंजूर झालेली जागा तिमाहीच्या शेवटी गोठवली जाते. पहिल्या पसंतीचा उमेदवार रुजू होईपर्यंत दुसऱ्याला ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणून ताटकळत ठेवले जाते. फोन करणारी व्यक्ती कित्येकदा कंपनीची नसून कन्सल्टन्सीची असते आणि तिला मोबदला उमेदवार रुजू झाल्यावरच मिळतो, म्हणून नाकारलेल्यांना फोन करण्यात तिला रस नसतो. सविस्तर कारण लेखी दिले तर त्यावर वाद किंवा दावा होईल, ही भीतीही असते. वयाचा प्रश्न याच अंधारात दडतो. अमेरिकेत चाळिशी ओलांडलेल्यांना वयावरून डावलण्यास १९६७ पासून कायद्याने मनाई आहे; भारतात खासगी नोकरीसाठी तसा सर्वसाधारण कायदा नाही, आणि ‘टीमच्या मानाने थोडे सीनियर वाटतात’ हे वाक्य निरुपद्रवी वाटावे असे असते.

पगाराचा आकडा कसा वाचावा?

सगळे जुळले की सीटीसीचा आकडा सांगतात, म्हणजे कंपनीला त्या माणसावर वर्षात येणारा एकूण खर्च. उदाहरणादाखल ४५ लाख धरू. वर्षाचे बारा भाग केले तर महिना पावणेचार लाख वाटतात. पण त्यात आठ लाखांचे शेअर असू शकतात, साडेचार लाख कामगिरीवर अवलंबून असतात, दोन लाख फक्त पहिल्या वर्षाचा जॉइनिंग बोनस असतो, आणि भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा वाटा व ग्रॅच्युइटी मिळून पावणेतीन लाखांच्या आसपास निघतात. उरलेले पावणेअठ्ठावीस लाख बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला सव्वादोन लाखांच्या थोडे वर येतात, आणि त्यातून स्वतःचा भविष्य निधी आणि प्राप्तिकर अजून कापला जायचा आहे.

शेअरचा भाग चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हाती येतो आणि अनेक ठिकाणी पहिले वर्ष पूर्ण होण्याआधी नोकरी सोडली तर काहीच मिळत नाही. सूचिबद्ध कंपनीचे शेअर विकता येतात; स्टार्टअपचे शेअर कागदावर कितीही असले तरी ते विकत घेणारा कोणी असेल तेव्हाच त्यांचा पैसा होतो. शिवाय नवा आकडा बहुधा जुन्या पगारावर अमुक टक्के हाइक असा काढला जातो. कॅलिफोर्नियात २०१८ पासून उमेदवाराला जुना पगार विचारता येत नाही. आपल्याकडे असा कायदा नाही, पगारपत्रके सर्रास मागितली जातात, आणि जो एकाच कंपनीत बारा वर्षे राहिला त्याचा तोटा तिथे पक्का होतो. त्यामुळे टक्क्यांवर बोलणी अडली तर त्या पदासाठी कंपनीने ठेवलेली पगाराची मर्यादा विचारावी आणि चर्चा तिच्यावर आणावी. पद कोणत्या पातळीचे आहे, स्थिर वेतन किती, शेअर किती वर्षांत मिळणार आणि जॉइनिंग बोनस कोणत्या अटीवर परत द्यावा लागेल, हे चारही मुद्दे ऑफर लेटरमध्ये लेखी दिसल्याखेरीज जुन्या कंपनीत राजीनामा देऊ नये, कारण ९० दिवसांची मुदत एकदा सुरू झाली की बोलण्यातली ताकद दर आठवड्याला कमी होत जाते.